वाचकांचे प्रश्न : उन्हाळी परीक्षेचा दुपारचा पेपर आणि विद्यापीठाची इमारत

विद्यापीठांचे विभाग आणि महाविद्यालये यांच्या शैक्षणिक इमारती कशा बांधाव्यात, याविषयी गेल्या अंकात प्रश्न मागवले होते. विदर्भाच्या ग्रामीण भागातून बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पहिल्या दोन पत्रांतील अडचणी आपल्या भागात जवळजवळ प्रत्येक संस्थेपुढे येतात, म्हणून त्यांना अधिक जागा दिली आहे.

प्रश्न : आमच्या शिक्षण संस्थेला गावाबाहेरच्या चार एकर जागेवर पदव्युत्तर विभागांसाठी तीन मजली इमारत बांधायची आहे. वास्तुविशारदांनी दिलेल्या आराखड्यात रस्त्याकडची, म्हणजे पश्चिमेची, संपूर्ण बाजू काचेची आहे आणि मधोमध बोळ ठेवून दोन्ही बाजूंना वर्ग काढले आहेत. संचालक मंडळातील बहुतेकांना हा आराखडा पसंत आहे. मला मात्र शंका वाटते. आपले मत कळवावे.
– संस्थेचे एक संचालक, हिंगणघाट तालुका, जि. वर्धा

उत्तर : आपली शंका रास्त आहे, आणि पायाचे खोदकाम सुरू होण्याआधी ती विचारलीत हे फार बरे झाले.

शैक्षणिक इमारतीचा नकाशा हाती आला की मी आधी दर्शनी चित्र बाजूला ठेवतो आणि एक वेळ मनात धरून नकाशा वाचायला घेतो. आपल्या भागापुरती ती वेळ ठरलेली आहे : उन्हाळी परीक्षेचा दुपारचा पेपर. आपल्याकडच्या विद्यापीठांच्या उन्हाळी परीक्षा ऐन तापत्या दिवसांत येतात. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४४-४५ अंशांची तर आपल्याकडे कोणी बातमीही करत नाही. अशा दिवशी दुपारी तीन वाजता वीज गेली आणि पंखे थांबले, तर साठ मुले त्या खोलीत बसून उत्तरपत्रिका लिहू शकतील का, हा प्रश्न मी नकाशाला विचारतो. आपण पाठवलेल्या आराखड्यात त्याचे उत्तर ‘नाही’ असे आहे.

कारण सूर्याच्या चालीत आहे. हिंगणघाट साधारण २०.५ अंश उत्तर अक्षांशावर येते. मेच्या चौथ्या आठवड्यात, नवतपा लागण्याच्या तोंडावर, दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. त्या घटकेला भिंतींना ऊन जवळजवळ लागत नाही, सारे स्लॅबवर पडते. पण चार वाजता सूर्य क्षितिजापासून सुमारे ३७ अंशांवर आणि पाच वाजता सुमारे २३ अंशांवर उतरलेला असतो, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीच्या अगदी समोर आलेला असतो. असे तिरपे ऊन छज्ज्याने अडत नाही. ६० सेंटिमीटर बाहेर काढलेल्या छज्ज्याची सावली पाच वाजता पश्चिमेच्या खिडकीवर जेमतेम २५ सेंटिमीटर उतरते. सहा मिलिमीटर जाडीच्या साध्या काचेवर पडलेल्या सौर ऊर्जेचा सुमारे ८० टक्के भाग आत येतो आणि आतली फरशी, बाके व भिंती तापवतो. तापलेल्या वस्तूंची उष्णता मात्र काचेतून तशी सरळ बाहेर पडत नाही. रंगीत किंवा परावर्तक काच हे प्रमाण घटवते, परंतु तिच्याबरोबर उजेडही घटतो आणि भर दुपारी दिवे लावायची वेळ येते. सर्व खोल्या वातानुकूलित करून त्यांचे वीजबिल वर्षानुवर्षे भरण्याची संस्थेची तयारी असेल तरच अशी बाजू निभावते, आणि अनुदानावर चालणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयाची तशी तयारी असलेली मी तरी पाहिलेली नाही.

याउलट दक्षिणेच्या उन्हाला आवरणे सोपे आहे. तोच ६० सेंटिमीटरचा छज्जा दक्षिणेच्या खिडकीवर बसवला, तर २१ मार्चच्या माध्यान्ही त्याची सावली सुमारे दीड मीटर खाली येते, म्हणजे दीड मीटर उंचीची पूर्ण खिडकी सावलीत जाते आणि थेट सप्टेंबरपर्यंत माध्यान्हीची सावली तशीच टिकते. डिसेंबरात मात्र सूर्य ४५-४६ अंशांवर असल्यामुळे सावली ६० सेंटिमीटरांच्या आसपासच राहते आणि हिवाळी सत्रात कोवळे ऊन खालच्या भागातून आत येते. म्हणून इमारतीच्या लांब बाजू उत्तर व दक्षिणेला आणि आखूड बाजू पूर्व व पश्चिमेला ठेवाव्यात, हा नियम आपल्या भागात सहसा मोडू नये. जूनच्या आगेमागे सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन उत्तरेकडूनही येते, त्यासाठी उत्तरेच्या खिडक्यांना बाजूने उभ्या फळ्या काढल्या की पुरते.

दुसरी बाब मधल्या बोळाची. आठ मीटर खोलीचे वर्ग दोन्ही बाजूंना आणि तीन मीटरांचा बोळ मध्ये ठेवला, तर येण्याजाण्यात सुमारे १६ टक्के क्षेत्र जाते. एकाच बाजूला वर्ग आणि दुसऱ्या बाजूला तेवढाच उघडा व्हरांडा ठेवला, तर हेच प्रमाण सुमारे २७ टक्के होते. खर्चाचा तक्ता पाहताना संचालक मंडळाची नजर नेमकी याच आकड्यावर थांबते आणि व्हरांड्यावर काट मारली जाते. मी आपल्याला कळकळीने सांगतो की ही काट मारू देऊ नका. बोळ असलेल्या इमारतीत प्रत्येक वर्गाची एकच बाजू बाहेर उघडते, त्यामुळे वारा आरपार खेळत नाही आणि फळ्याजवळ किंवा मागच्या बाकांवर दिवसाही अंधार राहतो. व्हरांडा असला की वर्गाला दोन बाजूंनी हवा मिळते, दक्षिण-पश्चिमेचे ऊन भिंतीपर्यंत फारसे पोहोचत नाही आणि वळवाच्या पावसाचे सपकारे बाहेरच्या बाहेर अडतात. आपल्या जुन्या घरांची सपरी हेच काम करत आली आहे. पेपरच्या दिवशी तीनच्या ठोक्याला एखाद्या जुन्या महाविद्यालयाच्या व्हरांड्यात जाऊन पाहा : भिंतीला टेकवून ओळीने ठेवलेली दप्तरे, ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या पाण्याच्या बाटल्या, एका कोपऱ्यात माठ आणि शेवटच्या पायरीवर नोट्स चाळत बसलेला एखादा उशिरा आलेला मुलगा. ही सारी माणसे आणि वस्तू बोळाच्या इमारतीत कोठे जातील, याचा विचार नकाशात दिसला पाहिजे.

ज्यांच्या इमारती देशाबाहेरूनही लोक पाहायला येतात, त्या वास्तुविशारदांनी हेच केले आहे. अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे काम १९६२ साली लुई कान यांच्याकडे आले. तेथे त्यांनी विटांच्या जाड भिंतींना मोठमोठी गोल उघडी भोके ठेवली आणि खोल्या त्यामागच्या सावलीत घेतल्या. मूळचे कोकणातल्या आचऱ्याचे असलेल्या अच्युत कानविंदे यांनी कानपूरच्या आयआयटीत विभागांच्या इमारती उंचावरच्या छायायुक्त पायवाटांनी एकमेकींना जोडल्या. दोन्ही ठिकाणचा उन्हाळा आपल्या उन्हाळ्याच्या तोडीचा आहे, आणि दोन्ही इमारतींचे दर्शनी रूप सावलीतून आलेले आहे. आपल्या मंडळाला रस्त्यावरून उठून दिसणारी इमारत हवी असेल तर ती इच्छा गैर नाही. रस्त्याकडच्या आखूड पश्चिम बाजूला जिना, प्रसाधनगृहे आणि भांडारखोल्या घ्याव्यात आणि जिन्याला विटांची जाळी करावी. ऊन जिना झेलेल, वर्ग झेलणार नाहीत, आणि रूपही येईल.

भिंत आणि छत यांविषयी थोडक्यात सांगतो. २३ सेंटिमीटर विटांच्या भिंतीतून बाहेरची उष्णता आत पोहोचायला सहा ते आठ तास लागतात. घरात हा दोष ठरतो, कारण दुपारचे ऊन रात्री झोपायच्या वेळी आत उतरते आणि म्हणून आपल्याकडे माणसे अंगणात बाज टाकतात. पाच वाजता बंद होणाऱ्या इमारतीत मात्र तोच गुण ठरतो. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा येथील औष्णिक केंद्रांमुळे राखेच्या विटा आपल्याकडे सहज मिळतात, त्या या कामाला चालतात. स्लॅबची गोष्ट उलट आहे. १२-१५ सेंटिमीटरच्या काँक्रीटमधून उष्णता तीन-चार तासांतच खाली येते, म्हणजे नेमकी पेपरच्या वेळी. म्हणून गच्चीवर ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, आणि त्यावर पांढऱ्या फुटक्या टाइल्सची चायना मोझेक हा खर्च वगळू नये.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाची विज्ञान शाखेची इमारत बारा वर्षांपूर्वी काळ्या जमिनीवर बांधली. खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या भेगा पडल्या आहेत. त्या उन्हाळ्यात रुंदावतात आणि पावसाळ्यात बऱ्याच मिटतात. दरवर्षी भरून घेतो, दरवर्षी पुन्हा उघडतात. शेजारीच नवी इमारत घ्यायची आहे. काय काळजी घ्यावी?
– निवृत्त शाखा अभियंता, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भेगांचे वर्णन आपण इतके नेमके केले आहे की निदान त्यातच आहे. ऋतूप्रमाणे उघडणारी-मिटणारी भेग ही जमीन हलत असल्याची खूण आहे. कपाशीला मानवणारी आपली काळी कसदार माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. उन्हाळ्यात शेतात ज्या भेगांत हात जातो, त्याच जमिनीत जोत्याखालीही तोच खेळ चालू असतो.

नव्या जागेसाठी पहिली गोष्ट म्हणजे माती परीक्षण, आणि त्यातील एक चाचणी आपल्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांकडूनही करून घेता येते. वाळवून ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून गाळलेली दहा-दहा ग्रॅम माती दोन मोजपात्रांत घ्यावी, एकात पाणी आणि दुसऱ्यात रॉकेल भरावे व २४ तास ठेवावे. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. समजा रॉकेलमधील मातीचे आकारमान १२ मिलिलिटर आणि पाण्यातील २१ मिलिलिटर भरले, तर फरक नऊचा, म्हणजे फुगवटा ७५ टक्के. भारतीय मानकांप्रमाणे ५० टक्क्यांखालील माती फारशी घातक नाही, ५० ते १०० मध्यम, १०० ते २०० घातक आणि २०० च्या वर अतिघातक समजतात. ही चाचणी पूर्ण परीक्षणाची जागा घेत नाही, पण मंडळाला प्रश्नाचे गांभीर्य एका दिवसात डोळ्यांनी दिसते.

काळी माती मीटर-दीड मीटरच असेल आणि खाली मुरूम लागत असेल, तर ती काढून पाया मुरमावर टेकवणे सर्वांत स्वस्त. थर खोल असेल तर अंडररीम पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले आणि तळाशी फुगीर असलेले काँक्रीटचे खांब, घ्यावेत. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने आपल्या देशातील अशाच जमिनींसाठी त्यांचा विकास केला. पाइलच्या तळाशी दांड्याच्या सुमारे अडीचपट रुंदीचा कंद असतो आणि तो ऋतूप्रमाणे ओल बदलणाऱ्या थराच्या खाली, साधारणपणे किमान साडेतीन मीटर खोलीवर, रोवलेला असतो. वरची माती फुगून दांड्याला उचलू पाहते तेव्हा हा कंद त्याला खाली धरून ठेवतो. पाइलवरचा बीम जमिनीला टेकवू नये, त्याखाली चार बोटे, म्हणजे आठ-दहा सेंटिमीटर, पोकळी ठेवावी. बांधकामावर गवंडी ही पोकळी हमखास भरून टाकतात, कारण त्यांना ती अपुरे काम वाटते. त्या दिवशी आपण स्वतः उभे राहावे. फरशीखालीही काळी माती भरू नये. न फुगणाऱ्या चिकण मातीचा किंवा मुरमाचा सुमारे मीटरभर थर दिला तर खालच्या मातीचा फुगवटा आवरतो, हे मुंबई आयआयटीचे प्रा. आर. के. कट्टी यांनी दाखवून दिले आणि कालव्यांच्या कामांत ते वापरलेही गेले.

आता जुन्या इमारतीविषयी. भेगा भरण्याआधी उन्हाळ्यातल्या एखाद्या दिवशी इमारतीभोवती एक फेरी मारून पाणी कोठे मुरते ते पाहा. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका महाविद्यालयाची इमारत पाहायला गेलो होतो. सगळ्यांत मोठी भेग नेमकी ज्या खोलीत होती, त्या खोलीच्या खिडकीत कूलर बसवलेला होता. त्याच्या टाकीतून झिरपणारे पाणी भिंतीवरून हिरवट शेवाळाची रेघ ओढत जोत्याशी उतरत होते, आणि तेवढ्याच जागी जमीन मऊ, फुगलेली, बाकी सगळीकडे फुटून कोरडी. जमीन सगळीकडून सारखी फुगली तर इमारत बहुधा सोसते; एका कोपऱ्यात ओल आणि दुसऱ्यात कोरड असली की ती पिळली जाते. म्हणून कूलरचे पाणी, गच्चीचे पाइप आणि हात धुण्याची जागा या सर्वांचे पाणी नळीने दूर न्यावे, जोत्याभोवती किमान दीड मीटर रुंदीची बाहेर उतार असलेली फरशी करावी आणि मोठी झाडे भिंतीपासून त्यांच्या पूर्ण उंचीइतक्या अंतरावर लावावीत, कारण तीही मुळांनी ओल ओढून घेतात. एवढे झाल्यावर भेगेवर चुनखडीचा किंवा प्लास्टरचा ठिपका देऊन त्यावर तारीख लिहा. एक पावसाळा आणि एक उन्हाळा ठिपका तडकला नाही, तर मग भेग भरण्यात अर्थ आहे.

प्रश्न : सेवाग्रामच्या बापू कुटीसारखी मातीची इमारत महाविद्यालयासाठी बांधता येईल का?
– माध्यमिक शिक्षक, सेलू तालुका, जि. वर्धा

उत्तर : तीन मजली विभागासाठी नाही, एकमजली वाचनकक्ष, उपाहारगृह किंवा अध्यापकांच्या खोल्यांसाठी येईल. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले. तेथील कुट्या माती, बांबू, लाकूड आणि कवेलू यांच्या आहेत. त्यांतून घेण्यासारखे आहे ते म्हणजे भोवतालची ओसरी, खाली झुकलेले छत, जाड भिंत आणि लहान खिडक्या. हे सारे काँक्रीटच्या इमारतीतही आणता येते. मातीच वापरायची असेल तर पाच ते दहा टक्के सिमेंट मिसळून दाबलेल्या ठोकळ्यांचा विचार करावा, मात्र त्यासाठी मुरमाड किंवा वाळूमिश्रित माती लागते. शेतातली काळी माती या कामाला अजिबात घेऊ नये, ती ठोकळ्यातही फुगते. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस या संस्थेने ग्रामीण बांधकामावर अनेक वर्षे काम केले आहे. शंकूच्या आकाराच्या भाजलेल्या मातीच्या नळ्या एकमेकींत गुंतवून केलेले कमानदार छत एकदा पाहून यावे.

प्रश्न : आमच्या नव्या इमारतीतील वर्गात आवाज घुमतो. साठ विद्यार्थी असूनही मागच्या तीन ओळींना शब्द नीट कळत नाहीत. ध्वनिवर्धक लावला तर आणखी गोंधळ होतो. वर्ग ९ मीटर लांब, ८ मीटर रुंद आणि ३.६ मीटर उंच आहे; खाली टाइल्स, भिंतींना गुळगुळीत प्लास्टर.
– सहायक प्राध्यापक, चामोर्शी तालुका, जि. गडचिरोली

उत्तर : ध्वनिवर्धकाने घुमणे कमी होत नाही, कारण तो घुमणारा आवाजच मोठा करतो. आपल्यासारखीच अडचण १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात आली होती. तेथील फॉग कलासंग्रहालयातील नवे व्याख्यानगृह उघडले आणि कोणाला काही ऐकू येईना. वॉलेस सॅबिन या तरुण भौतिकशास्त्रज्ञाकडे ते काम आले. त्याने दुसऱ्या एका सभागृहातील खुर्च्यांच्या उशा रात्री उचलून आणल्या, एकेक वाढवत आवाज विरायला लागणारा वेळ मोजला आणि सकाळ होण्याआधी त्या परत नेऊन ठेवल्या. रिकाम्या सभागृहात एक शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळत होता. त्यातून निघालेले, हा वेळ काढण्याचे सूत्र आजही वापरतात : खोलीचे आकारमान गुणिले ०.१६१, भागिले खोलीची आवाज शोषण्याची एकूण क्षमता.

आपल्या वर्गाचे आकारमान २५९ घनमीटर आहे, म्हणजे वरची संख्या सुमारे ४१.७. फरशी, छत आणि भिंती मिळून २६६ चौरस मीटर गुळगुळीत पृष्ठभाग जेमतेम तीन टक्के आवाज शोषतो, त्याचे झाले आठ. साठ विद्यार्थी प्रत्येकी सुमारे ०.४ प्रमाणे २४. एकूण ३२. भागाकार १.३ सेकंद येतो, आणि बोललेले स्पष्ट कळण्यासाठी तो ०.६ ते ०.८ च्या दरम्यान हवा. खोली रिकामी असताना हाच आकडा पाच सेकंदांच्या वर जातो, म्हणून आपल्याला वर्ग भरण्याआधी टाळी वाजवली तरी घुमटात उभे असल्यासारखे वाटत असेल.

०.८ पर्यंत यायला आणखी २० एकके शोषणक्षमता लागते. पाच सेंटिमीटर जाडीचा सच्छिद्र थर साधारण ८० टक्के आवाज शोषतो, तेव्हा २५ चौरस मीटर पुरतात : मागच्या भिंतीचा वरचा अर्धा भाग सुमारे १४ चौरस मीटर, आणि उरलेले छताच्या मागच्या भागावर. फळ्यामागची भिंत आणि छताचा पुढचा भाग गुळगुळीतच ठेवावा, कारण तेथून परावर्तित झालेला शिक्षकाचा आवाज मागे पोहोचायला मदत होते. बाजारातील आवाज शोषणाऱ्या पट्ट्या महाग पडत असतील तर लाकडी चौकटीत दाबून भरलेला कापूस आणि त्यावर खादी हा उपाय आपल्याच भागात तयार होऊ शकतो. त्यासाठी कापूस व कापड दोन्हींवर अग्निरोधक प्रक्रिया करून घेणे मात्र बंधनकारक समजावे. सॅबिनने शोषण मोजण्यासाठी उघडी खिडकी हेच माप धरले होते. हिवाळ्यात खिडक्या उघड्या असताना आपल्या वर्गात कमी घुमत असेल तर त्याचे कारण तेच आहे.

प्रश्न : इमारतीला लिफ्ट असेल तर रॅम्प वगळता येतो का?
– महाविद्यालयीन अधीक्षक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : वगळता येत नाही. जमिनीवरून जोत्यापर्यंत चढण्यासाठी रॅम्प लागतोच, आणि दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शैक्षणिक इमारत सुगम असणे आवश्यक आहे. उतार १ : १२ पेक्षा तीव्र नको. जोते ६० सेंटिमीटर असेल तर ७.२ मीटर, ९० सेंटिमीटर असेल तर १०.८ मीटर लांबी लागते आणि मध्ये सपाट टप्पा द्यावा लागतो. नंतर ही जागा सापडत नाही, म्हणून ती नकाशातच धरावी. शिवाय वीज गेली की लिफ्ट थांबते. निदान एक मोठा वर्ग, एक प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि सुगम प्रसाधनगृह तळमजल्यावर असू द्या.

प्रश्न : मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. आमच्या गावाची एसटी सकाळी आठला पोहोचते, तास साडेदहाला सुरू होतात आणि परतीची गाडी पाचला आहे. मधल्या वेळात बसायला जागा नाही. वर्गांना कुलूप असते आणि मुलींची खोली फार लहान आहे. नवी इमारत होणार आहे. इमारत बांधताना अशा गोष्टींचा विचार करतात का?
– विद्यार्थिनी, अचलपूर तालुका, जि. अमरावती

उत्तर : करायला हवा, आणि ग्रामीण महाविद्यालयात तो सर्वांत आधी करायला हवा. तुमचे अडीच तास सकाळचे आणि कदाचित एक तास संध्याकाळचा, म्हणजे दिवसाचे साडेतीन तास इमारतीने तुम्हाला काहीच दिलेले नाही. तासांच्या वेळापत्रकावरून वर्गांची संख्या काढतात, पण एसटीच्या वेळापत्रकावरून बसण्याच्या जागा काढायची पद्धत आपल्याकडे अजून पडलेली नाही.

ही कल्पना नवीन नाही. नालंदाच्या अवशेषांत प्रत्येक विहाराच्या मधोमध चौक आहे, भोवती ओवऱ्या आणि खोल्या आहेत आणि अनेक ठिकाणी चौकात विहीर आहे. शिकणे खोलीतच होते असे तेथे कोणी गृहीत धरलेले दिसत नाही. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशी यांनी अहमदाबादच्या वास्तुकला विद्यालयाची इमारत वर उचलून तिच्या खाली सावलीची मोकळी जागा ठेवली, आणि विद्यार्थी तेथे बसतात, वाद घालतात, काम करतात.

तुमच्या नव्या इमारतीसाठी तुम्ही आणि तुमच्या मैत्रिणींनी प्राचार्यांना लेखी मागणी द्यावी, आणि ती मोघम न देता मापांसह द्यावी. व्हरांड्याच्या कडेला ४५ सेंटिमीटर उंच आणि तेवढाच रुंद कट्टा सलग हवा, त्यावर कडप्पा किंवा कोटा फरशी, आणि पाठ टेकता येईल असा खांब दर तीन मीटरांवर. तळमजल्यावर एक वाचनकक्ष असा हवा की ज्याचे दार थेट व्हरांड्यात उघडते, म्हणजे बाकीच्या इमारतीला कुलूप असतानाही शिपाई तो आठला उघडू शकेल. मुलींच्या खोलीला लागूनच प्रसाधनगृह, आत नळाचे पाणी, सॅनिटरी पॅडच्या विल्हेवाटीची सोय आणि झोपून पडता येईल असा एक बाक. पिण्याचे पाणी व्हरांड्याच्या सावलीत, जोत्यापासून दूर जाणाऱ्या नाल्यासह. एसटीने येणाऱ्या मुला-मुलींची संख्या आणि गाड्यांच्या वेळा एका कागदावर मांडून सोबत जोडा. आठ वाजता किती जण थांबलेले असतात हे त्यावरून मंडळाला कळेल आणि कट्ट्याची लांबीही ठरेल, माणशी ६० सेंटिमीटर धरून. हे पत्र निविदा निघण्याआधी पोहोचले पाहिजे. निविदेनंतर कट्टा ही जादा बाब होते, आणि जादा बाबींना बहुधा मंजुरी मिळत नाही.